बाल न्याय मंडळासाठी सामाजिक तपास अहवाल लिहिताना

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाच्या घरची-कामाची परिस्थिती तपासून परिवीक्षा अधिकारी बाल न्याय मंडळाला सामाजिक तपास अहवाल देतो. आमच्याकडे या अधिकाऱ्याची जागा रिकामी होती. अशा वेळी मंडळ (अशा मुलांची प्रकरणे तेच चालवते) हे काम सामाजिक कार्यकर्त्याकडेही देऊ शकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत अहवाल द्यावा लागतो. तसा आदेश माझ्या नावाने निघाला. (मुलाची ओळख पटेल असे इथे काही लिहिलेले नाही. कलम ७४ ची तशी मनाई आहे, आणि ती नसती तरी मी लिहिले नसते.)

प्रकरण मोबाइल चोरीचे. एरवी एवढ्यासाठी मुलावर एफआयआर नोंदवत नाहीत; याच्यासोबत सज्ञान आरोपी होते म्हणून नोंदवला गेला.

निरीक्षणगृहात (चौकशी सुरू असताना मुलांना ठेवतात तिथे) त्याने पहिलेच विचारले, "पोलिसांकडून आलाय का?"

वही उघडण्याआधीच मी सांगून टाकले. मी मंडळाकडून आलेय. तू सांगशील ते अहवालात येऊ शकते. दंडाधिकारी आणि मंडळाचे दोन सदस्य तो वाचतील. बाकीच्यांसाठी अहवाल गोपनीय असतो, त्यांच्यासाठी नाही. नको वाटेल त्या प्रश्नाचे उत्तर देऊ नकोस.

आधी मुलाला बोलते करा आणि हे सगळे नंतर सांगा, असा सल्ला या क्षेत्रात सर्रास मिळतो. मला तो अजिबात मान्य नाही. मायेने बोलून मुलाला मोकळे करायचे आणि मग त्याचे बोलणे त्याच्या नकळत फाइलला लावायचे, ही सरळ फसवणूक आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चोरीचं नको. घरचं विचारा." मी घरचेच विचारले. चोरी केली की नाही हे ठरवणे मंडळाचे काम, माझे नव्हे.

घरभेटीआधी त्याच्या आईला फोन केला. ती म्हणाली, "ताई, वस्तीत येताना गळ्यातलं कार्ड तेवढं काढून या." मी कार्ड पर्समध्ये ठेवूनच गेले. गॅरेजच्या मालकाला तिने मुलगा गावी गेलाय असे सांगितले होते. अहवालाच्या नमुन्यात कामाच्या ठिकाणाविषयी रकाना असतो, पण मी तिथे जाऊन चौकशी केली असती तर पोराचे काम त्याच दिवशी सुटले असते. म्हणून रकान्यात लिहिले: "मुलाचे काम टिकावे यासाठी मालकाशी संपर्क साधलेला नाही. माहिती आईकडून." मंडळाने त्यावर काही हरकत घेतली नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो भाषेवर. जुने अहवाल चाळले तर 'आईचे दुर्लक्ष', 'वाईट संगत', 'गुन्हेगारी वृत्ती' हेच शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट तत्त्व आहे की मुलाच्या बाबतीत दोषारोप करणारे शब्द वापरायचे नाहीत. मी दिसले तेच लिहिले: आई पहाटे पाचला कॅटरिंगच्या कामाला निघते, रात्री आठनंतर परतते. वडील वारल्यापासून बहिणीचा डबा करणे आणि तिला शाळेत पोचवणे मुलाकडे आहे. त्याच वर्षी त्याची नववी सुटली. आता या घराला 'दुर्लक्ष' म्हणायचे का, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

दाखल करण्याआधी मसुदा मी दोघांना वाचून दाखवला. कायदा तशी सक्ती करत नाही, पण ज्याच्याविषयी लिहिले त्याने ते ऐकलेले असावे, असे मला ठामपणे वाटते. आई रडली. मुलगा म्हणाला, "दहावी बाहेरून द्यायचीय, तेही लिहा." शिफारशीत सतरा नंबरचा फॉर्म भरून द्यावा असे एक वाक्य वाढवले.

मंडळाने त्याला आईच्या देखरेखीत परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, सोडले, सोबत समुपदेशन. बाहेर आल्यावर आईने विचारले, "पुढं नोकरीला हे आडवं येईल का?" कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे मूल कशालाही अपात्र ठरत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात, हे मी तिला सावकाश समजावले. तिने ते मुलाकडून वहीत लिहवून घेतले, कलमाच्या आकड्यासकट.