फुल स्प्रिंग सीट

दल सरोवरातल्या शिकाऱ्यांच्या कपाळावर पाटी असते. वर शिकाऱ्याचं नाव, खाली 'सुपर डीलक्स, फुल स्प्रिंग सीट'. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही अशाच स्प्रिंगांवर ऐसपैस रेललो होतो. बायको झबरवानचे डोंगर मोबाइलमध्ये भरत होती आणि मी पाठीमागची उशी उपसत होतो.

"काही पडलं का?"

"नाही, अभ्रा बघतोय."

तिने कपाळाला हात लावला. भरतकाम दिसलं की मी ते आधी उलटं करून बघतो. या खोडीपायी तिने बऱ्याच दुकानांत मान खाली घातली आहे.

अभ्रा आरीकामाचा होता. जाड सुती कापडावर लोकरीने भरलेली चिनारची पानं. आरी म्हणजे आकडीची सुई. वर साखळी पडत जाते, मागे नुसती धावदोऱ्यासारखी रेघ. वरची पानं तीनदा पाणी घालून वाढवलेल्या कोकम सरबताच्या रंगाची झाली होती. आत हात घालून कापड उलटवलं, तर रेघ लालबुंद! ऊन तिथवर पोचलंच नव्हतं.

ही खोड आईची. दुपारी भांडी आवरली की हाक यायची, "सुईत दोरा ओवून दे रे." अँकरची लडी 8 मीटरची, 6 पदरी. त्यातले दोन पदर न गुंतवता सोडवायचे, टोक जिभेवर ओलं करायचं. लडीवरच्या कागदावर नांगर होता. आम्ही घाटावरचे. नांगर म्हणजे शेतातला. तो असा वाकडा का आणि त्याला बैल कुठे जुंपायचे, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

एकदा तिने जुन्या टेबलक्लॉथवरचं उसवलेलं फूल पुन्हा भरायला घेतलं. लडीचा नंबर हरवलेला. मग टेबलक्लॉथ उलटा करून दुकानाच्या पायरीवर, उजेडात, मागच्या टाक्यांशी रंग जुळवला. अगदी तंतोतंत. घरी येऊन एक पाकळी भरली आणि चुकलं. पिकल्या डोक्यात एकच केस काळा करावा तशी ती पाकळी दिसायला लागली.

आईने उरलेली लडी गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातली. विटू दे म्हणाली. राखणीला मी. कुरडयांकडे माझं चोख लक्ष होतं, कारण अर्धओल्या कुरडया मीच खात होतो. तेवढ्यात कावळ्याने लडी पळवली. बोलणी बसली, ती मात्र कुरडयांवरून. ते फूल शेवटपर्यंत एका लाल पाकळीचंच राहिलं.

शिकाऱ्यातल्या उशीवरही कोपऱ्यातलं एक पान नव्या लोकरीचं होतं. भडक.

"ये किसने बनाया?"

"घरवाली ने. सर्दियों में."

"और बाकी?"

"अगली सर्दी." त्याने बदामाच्या आकाराचं वल्हं पाण्यात रोवून शिकारा घाटाकडे वळवला. मग मागे न बघताच म्हणाला, "साहब, तकिया सीधा रख दीजिए. दूसरी सवारी खड़ी है."