गोळी मागायला कोण येते

निपाणी, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

मार्गशीर्षात आमच्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या औषधाच्या खालोखाल मागणी असते ती पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीला. या महिन्यात दर गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीची मांडणी असते आणि पौर्णिमेला सौंदत्तीची यात्रा असते. निपाणीतून, आसपासच्या खेड्यांतून आणि पलीकडे कागल-कोल्हापुराकडून गाड्या भरभरून माणसे यल्लम्माच्या डोंगरावर जातात. गाडी ठरते, वर्गणी गोळा होते, शिधा बांधायची वाटणी होते, आणि सगळे ठरून गेल्यावर घरातल्या कोणत्या बाईची तारीख त्या दिवसांत येते याचा हिशेब सुरू होतो. मग कोणीतरी आमच्या काउंटरवर येते.

ते कोणीतरी म्हणजे बहुधा ती बाई नसतेच. आज दुपारपर्यंत आलेल्यांत एक दीर होता आणि शाळेच्या गणवेशातला एक मुलगा होता. त्या मुलाने गोळ्यांचे रिकामे पाकीट मुठीत चुरगळून आणले होते आणि ‘आईनं असलीच द्या म्हणून सांगितलंय’ यापलीकडे त्याला काहीही ठाऊक नव्हते. पाकिटावरचे नाव इंग्रजीत असते, त्यामुळे इकडच्या बहुतेक बायका ही गोळी पाकिटाच्या रंगावरून ओळखतात, आणि कंपनी बदलली की रंगही बदलतो.

संध्याकाळी एक गृहस्थ आले. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नाही हे पाहून घेऊन त्यांनी आवाज उतरवला.

‘वैनी, ती अडचणीची गोळी द्या की.’

‘चिठ्ठी आहे का?’

‘चिठ्ठी कशाला? साधी गोळी न्हवं का ती?’

‘बरं, मागची पाळी कधी आली होती?’

‘ते मला काय म्हाईत?’

मी त्यांना घरी फोन लावायला सांगितला. पलीकडून त्यांच्या पत्नीने तारीख तर नीट सांगितलीच, शिवाय मी विचारल्यावर, आपल्याला लहानपणापासून फिट येतात आणि त्यासाठी रोज गोळी सुरू आहे, हेही सांगितले. फिटच्या काही औषधांमुळे यकृत या गोळीतले संप्रेरक भराभर निकामी करते, तेव्हा पाळी पुढे ढकलण्याची गोळी नेमाने घेऊनही ऐन यात्रेत पाळी येऊ शकते. क्षयाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनचेही तसेच आहे. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. ते थोडे रागावूनच गेले. ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये असा कायदा आहे आणि दुसऱ्या एखाद्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते हेही मला ठाऊक आहे, त्यामुळे असे गिऱ्हाईक गेले की ते परत येईलच याचा मला भरवसा नसतो.

शुद्ध नवमी

परवाच्या प्रकारानंतर मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि कानडीत काही प्रश्न लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवले आहेत. मागची पाळी कधी आली? दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत रक्ताची गाठ पूर्वी कधी झाली होती का? यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखी होऊन उठणारी अर्धशिशी, विनाकारण मध्येच अंगावरून जाणे, यांपैकी काही आहे का? रोजचे कोणते औषध चालू आहे? हे विचारण्याचे मूळ काम डॉक्टरांचे आहे याची मला जाणीव आहे. पण चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांतही पुष्कळांना हे कोणी विचारलेले नसते.

गोळीचे नाव नॉरएथिस्टेरॉन. नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा अशी असते आणि ती अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. बीजांड बाहेर पडल्यानंतरच्या पंधरवड्यात शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होत असते आणि त्याच्या आधाराने गर्भाशयाचे आतले अस्तर टिकून राहते. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉनची पातळी उतरते, अस्तर सुटते आणि पाळी येते. गोळीमुळे तसाच आधार बाहेरून मिळत राहतो. गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. अस्तर सुटण्याआधीच गोळी सुरू करावी लागते, म्हणूनच आदल्या रात्री धावत येणाऱ्यांना, किंवा पाळी सुरू झाल्यावर ती थांबवून द्या म्हणणाऱ्यांना, मी नुसते ‘नाही’ म्हणते.

एक गैरसमज मात्र फार खोलवर गेलेला आहे. पाळी येत नाही म्हणजे दिवसही जाणार नाहीत, असे पुष्कळ जोडप्यांना वाटते. या पद्धतीने घेतलेल्या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही. याउलट ज्या बायका आधीपासून माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेतात, त्यांना वेगळ्या गोळीची बहुधा गरजच नसते. त्या पाकिटात संप्रेरकाच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. लोहाच्या गोळ्यांचा आठवडा गाळून दुसऱ्या पाकिटातल्या संप्रेरकाच्या गोळ्या लगेच सुरू केल्या की पाळी पुढे जाते. सरकारी दवाखान्यात हे पाकीट फुकट मिळते, तरी ही सोय फार थोड्या जणींना माहीत आहे.

पायाच्या शिरेतल्या गाठीबद्दल मी विचारते तेव्हा लोकांना ते फाजील वाटते. पण नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून या मात्रेत घेताना गर्भनिरोधक गोळीसारखीच सावधगिरी बाळगायला हवी. निरोगी तरुण बाईला धोका अगदी थोडा असतो, हे खरे. मात्र जिच्या घराण्यात असा आजार आहे, जिचे वजन फार वाढलेले आहे किंवा जिचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, तिने ही गोळी घेऊन ट्रॅक्सच्या मागच्या बाकावर पाय आखडून तासन्‌तास बसावे, हे मला बरे वाटत नाही. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागून छातीत दुखले, तर देवदर्शन बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा, एवढे तरी मी प्रत्येकीच्या कानावर घालते. मळमळ, स्तन जड वाटणे, पोट फुगणे, चिडचिड हे त्यामानाने किरकोळ. नणंदेच्या लग्नात मी स्वतः त्यातले बरेचसे अनुभवले आहे.

पौर्णिमेच्या आधीचा गुरुवार

दुपारी एक विडी कामगार बाई आली. तिच्या हाताला तंबाखूचा वास होता, तेंदूच्या पानांनी बोटांची टोके काळवंडली होती, आणि नखे पार पांढरी पडली होती. चिठ्ठी पुढे करून तिने विचारले, ‘वैनी, ही तीच गोळी हाय न्हवं, जत्रंच्या टायमाला खातो ती?’

तीच होती. फरक इतकाच की, यात्रेसाठी ती थोडे दिवस घेतली जाते आणि हिला डॉक्टरांनी ती पाळीच्या पाचव्या दिवसापासून सव्विसाव्या दिवसापर्यंत, काही महिने घ्यायला सांगितली होती. गेले वर्षभर तिच्या अंगावरून आठ-आठ, दहा-दहा दिवस जात होते, गाठी पडत होत्या आणि तासा-दोन तासाला कापड बदलावे लागत होते. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.४ आले, गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ च्या खाली गेले की पंडुरोग धरतात आणि ८ च्या खाली गेले की तीव्र. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळले होते. हा आकडा वाचून मला आश्चर्य वाटले नव्हते, कारण त्यातल्या कितीतरी जणी माझ्या काउंटरपाशी कठड्याला धरून उभ्या राहतात.

मला राग आला तो तिच्या पुढच्या वाक्याचा. सासूबाई म्हणतात, इतके महिने असल्या गोळ्या खाल्ल्या तर शरीर बिघडते, चार दिवस कळ काढ, आपोआप कमी होईल. याच सासूबाई गौरीला, दिवाळीला आणि यात्रेला सुनेसाठी ही गोळी न चुकता मागवत आल्या आहेत, आणि तेव्हा शरीर बिघडण्याची गोष्ट कधी निघाली नव्हती. पूजा अडते म्हणून घेतलेली गोळी निरुपद्रवी आणि बाई अशक्त झाली म्हणून घेतलेली तीच गोळी घातक, हा हिशेब मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. सासूबाईंना दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी स्वतःही असेच दिवस काढले असतील. पण घराच्या सोयीच्या औषधाला लगेच पैसे निघतात आणि बाईच्या दुखण्याच्या औषधाला चर्चा लागते, याची मला चीड आहे.

खरे पाहता उपचार हेच या गोळीचे जुने काम आहे. १९५१ साली मेक्सिको शहरातल्या सिंटेक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या तरुण रसायन-विद्यार्थ्याने, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या हाताखाली काम करताना हे द्रव्य प्रथम तयार केले. त्यासाठी लागणारा कच्चा माल रानकंदातून मिळत असे, आणि तो कंद आपल्या खानापूर-कोकणाकडच्या कारांद्याच्याच कुळातला. १९५७ साली अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून त्याचा वापर नंतरचा.

तिला मी बाकावर बसवून सगळे सांगितले. गोळ्या ठरलेल्या वेळेला घ्यायच्या. मध्ये दोन-तीन चुकल्या तर पुन्हा रक्त दिसेल आणि मग औषध लागू पडत नाही असा समज होईल. चिठ्ठीत ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडही होते; ते संप्रेरक नाही, रक्तस्राव कमी करणारे औषध आहे आणि ते फक्त अंगावरून जात असेल त्याच दिवसांत घ्यायचे. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. शौचाला काळे झाले तरी घाबरायचे नाही. आणि सोनोग्राफी व थायरॉइडची तपासणी टाळायची नाही, कारण गोळी रक्त आवरते, पण गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असेल तर ती काही विरघळवत नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढे असते तर अस्तराचा तुकडा तपासण्याबद्दलही डॉक्टर बोलले असते.

‘त्यापरास पिशवीच काढून टाकतो की,’ ती म्हणाली. हे वाक्य ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांच्या फडांत बीडकडून ऊसतोडीला बायका येतात. तोडणीतला एक दिवसही बुडू नये म्हणून त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी तिशीच्या आसपासच गर्भाशय काढून घेतल्याचे २०१९ साली उघड झाले आणि महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. काही आजारांत ते ऑपरेशन करावेच लागते. पण गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे आणि काही वर्षे टिकणारे संप्रेरकाचे साधन आहे, हे सगळे पाहिल्यानंतरची ती पायरी आहे. शिवाय पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात आणि हाडे लवकर झिजतात.

(कर्नाटकात २०२५ साली मंत्रिमंडळाने नोकरदार बायकांसाठी महिन्याला एक, अशी वर्षाला बारा दिवसांची पगारी पाळी-रजा मान्य केली. चांगलेच झाले. घरी बसून, हजार नगांमागे मजुरी घेत विड्या वळणाऱ्या बाईने ही रजा कोणाकडे मागावी, हे मात्र मला कोणी सांगितलेले नाही.)

पौर्णिमेचा आदला दिवस

आज गाड्या गेल्या. माझ्या ओळखीची, इथल्याच एका शाळेत शिकवणारी एक मुलगी वेळेत डॉक्टरांना भेटून, गोळ्या सुरू करून, हसत गेली. ‘मला जायचंच आहे, आणि त्या दिवसांत प्रवासात स्वच्छतागृहांचे हाल मला सोसवत नाहीत,’ असे ती स्पष्ट म्हणाली. यात मला आक्षेपार्ह काहीच दिसत नाही. कबड्डी खेळणाऱ्या मुली स्पर्धेच्या वेळी अशाच येतात. पाळीच्या वेळी देवळात जावे की नाही यावर मी काउंटरवर बोलत नाही. माझे स्वतःचे मत आहे आणि ते माझ्यापाशी आहे. गोळीच्या बाबतीत मी एवढेच पाहते की मागणारी बाई स्वतः मागते आहे का, आणि तिला काय खाते आहे ते ठाऊक आहे का.

वद्य सप्तमी

यात्रेची माणसे परतली. एकीचा फोन आला की गोळ्या थांबवून आठवडा झाला तरी पाळी नाही. तिला सकाळच्या पहिल्या लघवीवर गर्भचाचणी करायला सांगितले आणि चाचणी काही आली तरी डॉक्टरांना दाखवायला सांगितले.

विडी कामगार बाई आज सासूबाईंना घेऊन आली. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत दोन लहान गाठी दिसल्या. डॉक्टरांनी सध्या गोळ्या आणि लोह चालू ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा पाहू असे सांगितले आहे. सासूबाईंनी माझ्याकडून पाकीट घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘हिनं किती दिवस खायाच्या ह्या?’ मी म्हटले, ‘आक्का, ते डॉक्टर ठरवतील, पण मध्येच थांबवायच्या नाहीत, आणि काही त्रास झाला तर काय होतंय ते हिलाच सांगू द्या.’ त्यांनी मान हलवली आणि कनवटीची पिशवी सोडून पैसे मोजू लागल्या. सुनेने मधल्या मध्ये विचारले की दुपारची गोळी विसरली तर रात्री दोन घ्यायच्या का. दोन एकदम घ्यायच्या नाहीत, आठवण होईल तेव्हा एक घ्यायची आणि पुढची वेळ अगदीच जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, हे मी पाकिटाच्या पुडीवर मराठीत लिहून दिले. विड्या वळायला तिच्या शेजारी बसणारी बाई कानडी आहे आणि तिलाही हाच त्रास आहे म्हणाली, म्हणून खाली कानडीतही लिहिले, आणि तिने आधी डॉक्टरांकडे जावे हे दोन्ही भाषांत.