पिल्लाची शी-शू आणि सर्व्हिस लिफ्टची वाट: माझा अनुभव

टॉवरमध्ये दोन महिन्यांचं पिल्लू आणलं की त्याला घरातल्या घरात जागेवर शी-शू करायला शिकवणं फारसं कठीण नसतं. खरी रखडपट्टी पुढे होते. लसींचे सगळे डोस होतात, डॉक्टर 'आता खाली न्या' म्हणतात, आणि पिल्लू खाली नेल्यावर पंधरा मिनिटं इकडेतिकडे हुंगतं, काही करत नाही आणि घरात पाऊल ठेवताच पायपुसण्यावर मोकळं होतं. घोडबंदर रोडला आमच्या इमारतीत या टप्प्याला लिफ्टच्या नियमाची जोड मिळाली. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घरातला भाग थोडक्यात. आठ आठवड्यांच्या पिल्लाचा लघवीवर ताबा नसतो. वय जितके महिने, त्यात एक मिळवून येतील तितके तास ते फार तर धरू शकतं, आणि जागं असताना तेवढंही नाही. झोपेतून उठलं की लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, आणि खेळता खेळता थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की त्या क्षणी उचलून जागेवर न्यायचं. खाणं ठरलेल्या वेळी, दिवसातून तीन-चार वेळा. वाटी दिवसभर भरून ठेवली तर शीची वेळ कधीच लागत नाही. पाणी मात्र तोडू नका, ठाण्याच्या उकाड्यात तर नाहीच.

जागा म्हणून सगळे वर्तमानपत्र सुचवतात. मी सुचवणार नाही. कोवळ्या वयात पायाखाली जे लागतं, त्याचीच पिल्लाला सवय होते. कागदावर शिकलेलं पिल्लू पुढे सोफ्यावरून पडलेल्या पुरवणीवर करतं आणि मातीवर उभं राहून कागद शोधतं. त्यापेक्षा ड्राय बाल्कनीत, म्हणजे कपडे-भांडी धुण्याच्या छोट्या बाल्कनीत, गवताचा ट्रे ठेवा. साधारण दोन बाय तीन फुटांचा, चार इंच खोल प्लॅस्टिकचा ट्रे, एका कोपऱ्याला भोक पाडलेला आणि तो कोपरा नहाणीच्या जाळीकडे किंचित उतरता. तळाला बारीक खडी, वर दोन इंच माती, त्यावर नर्सरीत चौरस फुटाने मिळणारं लॉन. शी लगेच उचलायची, रोज एक-दोन मग पाणी ओतायचं, लॉन पिवळं पडलं की बदलायचं. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर ट्रे थोडा मोठा घ्या, नाहीतर पुढचे पाय ट्रेमध्ये आणि धार बाहेर.

आता लसींचं. डीएचपीपीआयचा (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे आजारांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, आणि शेवटचा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीवावर बेतणारा आजार. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून शेवटच्या डोसनंतरही आठवडा-दोन आठवडे पिल्लाचे पाय सार्वजनिक जमिनीला लावायचे नाहीत. हे पाळाच. पण याचा अर्थ असा की चार महिन्यांचं होईपर्यंत पिल्लाला वरच्या जागेची पक्की सवय झालेली असते, आणि रिक्षा, ड्रिल, शिट्टी यांतलं काही त्याने ऐकलेलंच नसतं. घाबरलेलं पिल्लू लघवी करत नाही. म्हणून या काळात रोज कडेवर घेऊन खाली जा, वॉचमनच्या केबिनपाशी उभे राहा, येणाऱ्याजाणाऱ्यांना बघू द्या. जमिनीवर मात्र सोडू नका.

आता लिफ्ट. आमच्याकडे नोटीस होती की पाळीव प्राण्यांना फक्त सर्व्हिस लिफ्ट. ही लिफ्ट सकाळी कचऱ्याच्या डब्यांसाठी मजल्यामजल्यावर थांबते आणि नंतर कुणाच्या तरी फ्लॅटच्या टाइल्स नाहीतर कपाटं वाहते. पिल्लाची सगळ्यात खात्रीची लघवी सकाळी उठल्याउठल्याची, आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट मिळत नाही. भरल्या पोटाचं पिल्लू लॉबीत दहा मिनिटं उभं ठेवलं तर ते तिथेच करणार. मग तक्रार, मग नवी नोटीस. शेजारची लिफ्ट रिकामी उभी आणि आपण पिल्लू घेऊन ताटकळत. ज्यांनी हा नियम केला त्यांनी चार महिन्यांच्या पिल्लाबरोबर एकदा त्या लॉबीत उभं राहून बघावं.

अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने, म्हणजे केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने, २०१५ साली सोसायट्यांसाठी काढलेल्या सूचनांत पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारू नये, त्यासाठी पैसे घेऊ नयेत असं आहे. त्याची प्रत जोडून आम्ही पत्र दिलं. मागणी साधी होती: कडेवर घेतलेल्या लहान पिल्लाला कुठलीही लिफ्ट चालावी. उत्तर 'पुढच्या मीटिंगला बघू'. होकार आला तोवर पिल्लू शिकून मोकळं झालं होतं. म्हणून पत्र पिल्लू घरी येईल त्याच आठवड्यात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

तोवर हे करा. आधी घरातल्या कुणीतरी जाऊन लिफ्ट बोलवायची, ती मजल्यावर आली की मगच पिल्लू झोपेतून उचलायचं. कडेवर असेपर्यंत पिल्लू सहसा करत नाही, जमिनीवर टेकवलं की करतं. त्यामुळे लॉबी, लिफ्ट, पार्किंग, पेव्हर ब्लॉक सगळं ओलांडून थेट ठरलेल्या मातीवरच टेकवायचं. लॅब्रॅडॉर चार महिन्यांत दहा-बारा किलोच्या पुढे जातो, त्यामुळे उचलण्याचं काम घरातल्या दणकट माणसाकडे द्या.

जागा कंपाउंडच्या भिंतीलगतच्या मातीच्या पट्ट्यावर निवडा. ट्रेमधली लघवीने भिजलेली मूठभर माती पिशवीतून नेऊन तिथे टाका. या एका गोष्टीने जितका फरक पडतो तितका बाकी कशाने पडत नाही. पट्टा चार-पाच फूट सैल सोडून खांबासारखं उभं राहायचं, फिरवायचं नाही, फोनवर बोलायचं नाही. फिरवलं की पिल्लू बघण्यात गुंगतं. 'शू कर' किंवा जो शब्द ठरला असेल तो एकदाच, आणि घरात सगळ्यांनी तोच वापरायचा. केलं की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या चिकनचा तुकडा. वर येऊन दिलेला खाऊ त्याला लिफ्टमधून आल्याबद्दल मिळाला असं वाटतं. आणि केल्याबरोबर वर आणू नका, चार मिनिटं खेळू द्या. नाहीतर केलं की मजा संपते हे ते पटकन शिकतं आणि रोखून धरतं.

दहा मिनिटांत नाही केलं तर कडेवर वर आणा, पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा किंवा क्रेटमध्ये (पिल्लाच्या जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली. घरात मोकळं सोडायचं नाही, तिथेच सगळं फिसकटतं. सुरुवात फक्त सकाळच्या पहिल्या खेपेने करा, तेवढ्यापुरतं ड्राय बाल्कनीचं दार बंद. ती जमली की जेवणानंतरची खेप, मग बाकीच्या. ट्रे एकदम काढून घेतला तर पिल्लू दिवसभर धरून बसतं आणि रात्री गादी ओली करतं.

घरात झालं म्हणून ओरडलेलं, नाक घासलेलं पिल्लू खाली हमखास अडतं. माणसासमोर केलं की मार बसतो एवढंच त्याला कळलेलं असतं, आणि खाली तर माणूस पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभाच असतो. करताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवा, उचलून जागेवर न्या. नंतर सापडलं तर गपचूप पुसा.

पुसण्यात फिनेल कामाचं नाही. आपल्याला वास येईनासा होतो, पिल्लाला टाइल्सच्या सांध्यांतला येतच राहतो. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग लघवीचा वास मोडून काढणारं एन्झाइमवालं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलंय तितका वेळ राहू द्या. त्याच जागी आधी फिनेल किंवा ब्लीच पडलं असेल तर ते पाण्याने धुऊन काढा, नाहीतर एन्झाइम काम करत नाहीत. व्हिनेगर निम्म्या पाण्यात चालतं, पण संगमरवर, कोटा, कडाप्पा यांवर नको, पॉलिश जातं.

थेंबथेंब, वारंवार, कुंथत होत असेल किंवा शिकलेलं पिल्लू अचानक चुकायला लागलं तर शिकवणं थांबवून लघवी तपासून घ्या, संसर्ग असू शकतो. पाहुणे आले की आनंदाने किंवा भीतीने होणारी लघवी वेगळी. तिच्याकडे लक्ष न देणं हाच उपाय, वाढत्या वयात ती बहुधा थांबते.

ट्रे दिवाळी होईपर्यंत टाकू नका, फटाक्यांत बरीच पिल्लं खाली पाय टेकवत नाहीत. जुलैच्या पावसातही तेच. पावसाळ्यात खाली साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, तो माणसालाही होतो, तेव्हा तुमच्या डोसमध्ये त्याची लस आहे का ते डॉक्टरांना नेमकं विचारा आणि वर आल्यावर चारही पंजे धुऊन, बोटांच्या मधून कोरडे करा.