आमची वाटचाल : हेदाची बाबीन आणि ससूनांचं घर

आमचे आजोबा मूळचे सावंतवाडीचे चितारी. पांगाऱ्याची खेळणी कातायची, त्यावर लाख चढवायची, हा घरचा धंदा. 1931 साली वेंगुर्ल्याहून बोटीनं मुंबईला आले आणि लालबागला चाळीच्या तळमजल्यावर एक जुना लेथ टाकून बसले. जेकब ससून कापड मिलच्या मोडक्या बाबिनी, म्हणजे सूत गुंडाळायच्या लाकडी रिळा, दुरुस्त करायच्या, एवढंच काम होतं. दोन वर्षांनी नव्या बाबिनींची पहिली ऑर्डर आली, ती बारा ग्रोसची, म्हणजे बारा वेळा 144 नगांची.

बाबीन म्हणजे भोक. बाहेरचा आकार कुणीही उतरवेल. भोक चातीवर, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यावर, नेमकं बसलं नाही तर बाबीन थरथरते, धागा तुटतो आणि साचाखात्यापर्यंत, म्हणजे मागांच्या खात्यापर्यंत, शिव्या पोचतात. आजोबा बाबीन कानाशी धरून फिरवत. आमच्याकडे लाकूड हेदाच्या झाडाचंच. हेद घेणाऱ्यांना एक सांगतो, कुणी विचारलेलं नाही तरी : ओलं लाकूड कातू नका. सावलीत रचा, फळ्यांमध्ये काड्या ठेवा, पावसाळा जाऊ द्या. घाईनं कातलेली बाबीन मार्चमध्ये अंडाकृती होते.

जेवताना आजोबा ससूनांच्या गोष्टी सांगत. शेठ डेव्हिड ससून बगदादचे, जन्म 1792 चा. त्यांचे वडील तिथल्या पाशांचे, म्हणजे सुभेदारांचे, खजिनदार आणि ज्यू समाजाचे पुढारी. दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड इराणच्या बुशहर बंदरामार्गे 1832 च्या सुमारास मुंबईला आले. कापूस, कापड आणि चीनला जाणारी अफू यांवर पेढी उभी राहिली. अफूचं नाव निघालं की आजोबा ताटाकडे बघत. पुण्याचं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही त्यांचंच. 1864 ला ते पुण्यातच गेले, समाधी तिथेच आवारात आहे.

त्यांना आठ मुलगे. पेढी थोरल्या अब्दुल्लाकडे, म्हणजे पुढच्या सर अल्बर्टकडे गेली. दुसरा एलियास 1844 पासून चीनमध्ये खपत होता. बाप गेल्यावर तीनच वर्षांत, 1867 ला, तो वेगळा झाला आणि त्यानं ई. डी. ससून काढली. दोन्ही पेढ्या त्याच व्यापारात समोरासमोर उभ्या राहिल्या.

ही गोष्ट आजोबांनी आम्हा दोघा नातवंडांना एकाच पंगतीत सांगितली. त्याचा उपयोग मात्र माझ्या चुलतभावानं केला.

1978 ला तो वसईला प्लास्टिकच्या बाबिनी काढायला निघाला. अंगणात उभा राहून मला म्हणाला, ‘एलियासही बाहेर पडलाच होता.’ मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. एलियास तेवीस वर्षं परदेशात राबला होता. ह्यानं आमच्या वखारीत पाच वर्षं काढली आणि जाताना दरांची वही नेली. कुठल्या मिलला कुठलं माप, काय भाव, स्टोअरकीपर कोण, सगळं त्या वहीत होतं. सहा महिन्यांत आमची चार गिऱ्हाइकं प्लास्टिकवर गेली. प्लास्टिक स्वस्त होतं, हे मान्य. पण त्या चौघांना नेमका आमचा भाव कसा कळला?

एक गोष्ट मात्र मी घरात कधी बोललो नाही. जेकब ससून मिल काढली ती एलियासच्याच मुलानं, जेकबनं. एलियास फुटला नसता तर ती मिल नसती, आणि आजोबांचा लेथही नसता.

पुढच्याच वर्षी बाबा गेले. आई हिशेबाला बसली. वखारीतले कारागीर कुजबुजले, बाईमाणूस लाकूडवाल्याशी काय बोलणार? मी त्यांना फर्हा ससूनचं सांगितलं. नवरा सॉलोमन, डेव्हिड शेठचाच मुलगा, 1894 ला वारला, तेव्हापासून 1901 ला लंडनला जाईपर्यंत मुंबईची पेढी त्या बाईनं चालवली. आमच्या आईनं लाकूडवाल्याला पहिल्याच खेपेला दोन गाठाळ ओंडके परत धाडले.

मग 18 जानेवारी 1982. मुंबईच्या गिरण्यांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर आणि आमच्या वखारीत नऊ हजार बाबिनी तयार पडलेल्या. एका मिलकडे आमचे चौदा महिन्यांचे पैसे अडकले होते. नाव घेत नाही. त्या कचेरीच्या बाकावर मी इतका बसलो की शिपाई मला चहा विचारू लागला. पैसे आले नाहीत. बँकेनं लेथवर जप्तीची पट्टी लावायची धमकी दिली. आईच्या पाटल्या गेल्या.

तारलं ते इचलकरंजीच्या अण्णांनी. त्यांचे चोवीस यंत्रमाग. ते आमच्याकडून मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्या, म्हणजे बाण्याच्या सुताच्या बारीक बाबिनी, घ्यायचे. एसटीनं आले, बाबिनींच्या ढिगाकडे बघून म्हणाले, ‘ह्या कातून कांड्या होतील का?’ काहींच्या झाल्या. बाकी नव्या कातल्या. अण्णांनी रोख आगाऊ दिले, शेजारच्या तीन कारखानदारांकडेही नेलं. त्या कांड्यांवर आम्ही चार वर्षं जगलो. पुढची वर्षं चांगली गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

ससून तर आमच्या आधीच गेले. एलियासच्या नातवानं, सर व्हिक्टरनं, शांघायमध्ये 1929 ला कॅथे हॉटेल उघडलं, मुंबईतल्या मिल्स 1943 ला विकल्या. आजोबांना ही बातमी गेटवर कळली. त्यांनी फक्त विचारलं, नव्या मालकाचा स्टोअरकीपर कोण? लोक आज ससून डॉकवर मासळी घेतात, ससून रुग्णालयात जातात, आणि बहुतेकांना वाटतं हे एखाद्या जागेचं नाव आहे.

गेल्या दिवाळीत चुलतभावाचा मुलगा आला. आजोबांचा लेथ बघायचा होता, जमलं तर विकतही हवा होता. पोरगा नम्र आहे. फराळाचं ताट दिलं, लेथ दाखवला, पट्टा चढवून फिरवूनही दाखवला. मग सांगितलं, ‘दरांची वही घेऊन ये, बाळा. मग बोलू.’