तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तसला’ अनुभव

“तुम्हाला स्वतःला कधी तसला अनुभव आला का हो?”

वर्षातून चार-पाच वेळा तरी हे मला कोणीतरी विचारतं. ऑफिसात डबा खाताना, लेकीच्या शाळेच्या फाटकाशी, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता. विचारताना आवाज खाली येतो. ‘जात’ म्हणत नाहीत, ‘तसला’ म्हणतात. माणसं चांगली असतात, मनापासून विचारतात. म्हणून मी आजवर पाचवीतला किस्सा सांगून मोकळी व्हायचे.

पाचवीत शाळेचं मंत्रिमंडळ निवडलं, तेव्हा बाईंनी मला स्वच्छता मंत्री केलं आणि हसून म्हणाल्या, “हिला घरून सवय आहे.” माझे वडील महापालिकेत झाडूवाले आहेत, हे वर्गाला त्या दिवशी कळलं. किस्सा ऐकून लोक हळहळतात, बाईंना नावं ठेवतात आणि जरा हलके होतात. आपण त्या बाईंसारखे नाही, याची त्यांना खात्री असते. नसतातच.

पण बाईंनी माझं बिघडवलं किती? एक संध्याकाळ रडले. दुसऱ्या दिवशी बिल्ला लावून पोरांकडून बाकाखालचे कागद उचलून घेतले, आणि खरं सांगायचं तर मजा आली.

भावाचं जे झालं, त्यात मात्र नावं ठेवावीत असा एकही माणूस नव्हता.

१९९९ साल. दम्यामुळे वडिलांना, आमच्या अण्णांना, डॉक्टरांनी कामाला अनफिट ठरवलं. भाऊ बी.कॉम. होऊन वर्ष झालं होतं, एका सीएकडे हजार रुपयांवर राबत होता. आम्ही महापालिकेच्या वसाहतीत राहायचो. एक खोली, कोपऱ्यात मोरी, संडास बाहेर. खोली नोकरीला बांधलेली. नोकरी संपली की खोली सोडायची. वारस कामाला लागला, तर खोली त्याच्या नावावर चढायची.

वारसाची ही सोय लाड-पागे समितीची. तिच्या शिफारशींवरून राज्य सरकारने १९७५ साली आदेश काढला आणि सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला घेण्याची वाट झाली. बाहेर जसं ‘मेडिकलला लागला’ म्हणतात, तसं आमच्या वसाहतीत ‘लाड-पागेत लागला’ म्हणतात. पेढेही वाटतात.

कचेरीतला हेडक्लार्क देवमाणूस. अण्णांना खुर्ची दिली, चहा मागवला, फॉर्म स्वतःच्या हाताने भरायला घेतला. शिक्षणाच्या रकान्याशी पेन थांबलं.

“बी.कॉम. लिहू ना?”

“लिहिलं तर वेगळं काही मिळेल का, साहेब?”

“आत्ता तरी नाही रे. पण कायम नोकरी आहे. पगार, पेन्शन, खोली. चीज होईल बघ.”

भावाने दहावी लिहायला सांगितलं. बी.कॉम. झालेला झाडू मारतो, हे निदान कागदावर तरी नको म्हणाला. क्लार्क बोलला त्यातलं एक अक्षर खोटं ठरलं नाही, हेही सांगते. नोकरी कायम राहिली, पगार वेळेवर आला.

पहिल्या दिवशी मुकादमाने त्याला मुद्दाम कॉलेजपासून लांबचं बीट, म्हणजे झाडायचा पट्टा, दिलं. ओळखीचं कोणी समोर येऊ नये, म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, त्यालाच सुचलं. तरी भावाने तोंडाला रुमाल बांधला. थंडीचे दिवस, रस्ता दवाने ओला, धूळ उडतच नव्हती.

त्या चौकीवरची हजेरीची वही मी पाहिली आहे. बौद्ध, मातंग, मेहतर. चार-पाच जातींच्या पलीकडचं आडनाव शोधून सापडायचं नाही. तसा नियम कुठेही नाही. असूच शकत नाही, राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता १९५० मध्येच संपवली. मग ही वही कोणी लिहिली?

आजोबा बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडून आले. गावी स्वतःची म्हणावी अशी जमीन नव्हती. होता तो महार वतनाचा तुकडा. गावकीची पडेल ती कामं करायची, बदल्यात तुकडा कसायचा, आणि बापामागे पोराने तेच करायचं. या वतनाच्या कायद्यात बदल करायचं बिल बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात १९२८ साली मांडलं होतं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्याने. जमीन परत आपल्या नावावर करून घ्यायला मात्र सरकारात रक्कम भरायची होती. भावकीत चौदा हिस्से पडलेल्या तुकड्यासाठी ती भरणार कोण? आजोबा शहरात आले तेव्हा झाडूखात्यात भरती चालू होती. त्या रांगेत दुसऱ्या कोणाची झुंबड नव्हती.

आजोबांच्या जागी अण्णा, अण्णांच्या जागी भाऊ. खोली भावाच्या नावावर चढल्याचा कागद हातात आला, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, “वतन परत मिळालं.” तेव्हा वाटलं, आनंदाने म्हणाले. आता नक्की सांगता येत नाही.

म्हणजे उद्या सकाळी सगळ्यांच्या मनातली जात पुसली गेली, तरी चौकीवर हजेरीला तीच आडनावं पुकारली जातील.

यावर हुशार माणसं लगेच म्हणतात, मग तो नियमच रद्द करा. अजिबात नको. नियमाबाहेर काय आहे ते बघा. भावाच्या शेजारच्या बीटवर कंत्राटदाराच्या बायका झाडतात. काम तेच, पगार निम्म्याच्या आसपास, आजारी पडलं की खाडा. मुंबईत २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम व्हायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, निकाल २०१७ साली लागला. वारसा हक्काला धक्का लागणार अशी नुसती कुजबुज झाली तरी वसाहत मोर्चा काढते. मीही गेले आहे त्या मोर्चात, घोषणा दिल्या आहेत.

आणि माझं म्हणाल, तर मी त्याच खोलीत राहून एम.कॉम. झाले. फी भावाने भरली. वारसांत मुलगीही बसते. भाऊ नसता तर तो फॉर्म माझा होता. ‘तसला अनुभव’ मला फारसा आला नाही, तो यामुळे. तुम्ही विचारायचंच असेल तर त्याला विचारा. पण तो पहाटे बाहेर पडतो आणि दुपारी झोपलेला असतो, तुमची त्याची गाठ पडायची कुठे?

भाऊ आता पन्नाशीचा आहे. त्यालाही दम लागतो. परवा दिवाळीत गेले, तर तो गॅलरीत खोकत बसला होता. भाचा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला, दुसऱ्या वर्षाला आहे. चिवड्याची ताटली माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणाला, “आत्या, पप्पा अनफिट झाले तर खोली किती दिवसांत सोडावी लागते गं?”

त्याने मोबाइलमध्ये दोन रकाने केले होते. एकात भाडं, डिपॉझिट, कॉलेजची उरलेली फी, पुढे बेरीज. दुसऱ्याला नुसतं नाव दिलेलं, ‘पप्पांच्या जागी’. त्याखाली अजून काही लिहिलं नव्हतं.