तुम्ही विचारलंत म्हणून: दोन डोंगरांवरचे सारखेच किडे, मग प्रजाती वेगळी कशी?

पंख नसलेल्या डोंगरी क्लिक बीटलबद्दल (उताणा पडला की ‘टक्’ करून उसळणारा भुंगेरा) एक प्रश्न हमखास येतो. शेजारशेजारच्या दोन डोंगरांवरचे दोन किडे डोळ्यांना सारखे दिसतात, तरी त्यांना दोन प्रजाती म्हणतात. आणि कधी चांगले वेगळे दिसणारे दोन किडे एकाच प्रजातीत जातात. हे ठरतं कशावर? थोडक्यात सांगायचं तर बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियावर, आणि एकट्यादुकट्या नमुन्यावर शक्यतो नाहीच. बाकीचं उत्तर लांबतं, कारण पंख गेले की या किड्याचं बाह्य रूपच फसवं होतं.

उदाहरणाला ‘डिमा’ हा जीनस (जवळच्या नात्यातल्या प्रजातींचा गट) घेऊ. शार्पाँतिए यांनी १८२५ साली ‘डिमा इलेटेरॉइडीस’चं वर्णन केलं, तेव्हापासून हे नाव चालत आलं आहे. स्लोव्हेनिया आणि आसपासच्या डोंगरी जंगलांत हा भुंगेरा दगडांखाली, पालापाचोळ्यात राहतो. त्याचे भाऊबंद बाल्कन, ग्रीस, तुर्कस्तानच्या डोंगरांवर पसरले आहेत. त्यांच्या ‘डिमिनी’ या गटातले इतर किडे थेट हिमालय आणि चीनपर्यंत सापडतात.

उडता येत नाही म्हणजे उडी मारता येत नाही असं नव्हे. उताणा पडल्यावर ‘टक्’ आवाज करत उसळायची यंत्रणा छातीच्या पुढच्या दोन भागांत असते: पहिल्या भागाच्या खालची खुंटी दुसऱ्या भागाच्या खाचेच्या काठाला अडकते आणि ताण साठला की सटकून खाचेत जाते. मागचे पंख असतात छातीच्या तिसऱ्या भागावर. ते गेले तरी सहसा खुंटी-खाच जागेवरच राहते. पण उडण्याचे स्नायू गेले की तिसरा भाग आखूड होतो, कठीण पुढच्या पंखांचे खांदे उतरतात, अंग अंडाकृती आणि फुगीर होतं. काही किड्यांत हे कठीण पंख मधल्या रेषेवर एकमेकांना चिकटूनही जातात.

पहिला घोटाळा इथेच होतो. उतरते खांदे, गोल अंग, आखूड छाती हे सगळं पंख गेल्याचं फळ आहे, नात्याचा पुरावा नव्हे. वेगवेगळ्या घराण्यांतले किडे स्वतंत्रपणे पंख गमावतात आणि जुळ्यांसारखे दिसू लागतात. म्हणून ‘गोल अंगाचा, बिनपंखी, डोंगरातला’ एवढ्यावर जीनस ठरवणं हे या कामातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत हट्टी दुखणं आहे. क्लिक बीटलच्या अभ्यासाचा पाया कीटकशास्त्रज्ञ कांदेझ यांनी १८५७ ते १८६३ मध्ये छापलेल्या चार खंडांनी घातला. पण त्या काळी वर्गीकरणाचा भर बाह्य रूपावरच होता, आणि त्यातल्या काही गटांची डागडुजी आजही चालू आहे.

डोंगरांवर इतके बिनपंखी किडे का, यावर डार्विनने अटलांटिकमधल्या मदेरा बेटावरच्या भुंगेऱ्यांवरून सांगितलेलं कारण लोकप्रिय आहे: उडणारे वाऱ्याने समुद्रात जातात, न उडणारे उरतात. कीटकशास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांनी १९४३ साली डोंगर आणि बेटांवरच्या जमिनीवर पळणाऱ्या भुंगेऱ्यांचा हिशेब मांडून मर्यादित आणि स्थिर अधिवासाला जास्त महत्त्व दिलं. जागा लहान आणि कायमची असेल तर पंखांवरचा खर्च परवडत नाही. मला हे दुसरं जास्त पटतं. जंगलाच्या पालापाचोळ्यात वारा पोचतो कुठे?

आता प्रत्यक्ष काम. नमुने दगड उलटून, पाचोळा चाळून किंवा जमिनीत पेला पुरून मिळतात. पेल्यात फॉर्मॅलिन घालू नका, डीएनए वाया जातो; प्रॉपिलीन ग्लायकॉल बरं. डीएनएसाठी निदान एक पाय ९६ टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवावा. त्या बाटलीवर आणि टाचणीवरच्या किड्यावर एकच क्रमांक हवा, नाहीतर पाय कोणाचा हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचं नाव. डोंगरी किड्यासाठी उंची नसलेली चिठ्ठी अर्धीच म्हणायची. कड्याच्या पायथ्याला एक आणि माथ्यावर दुसरी प्रजाती असू शकते.

नर ओळखून वाळलेला नमुना कोमट पाण्यात तास-दोन तास मऊ करायचा. मग टोक वाकवलेल्या बारीक टाचणीने पोटाच्या शेवटच्या कड्यांमधून जननेंद्रिय बाहेर ओढायचं. ते १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवलं की मांस विरघळतं आणि कठीण भाग उरतो. घाईने उकळलं की पातळ पडदे जातात आणि कडा वेड्यावाकड्या होतात. अशी वाकलेली कड पाहून नवी प्रजाती जाहीर करण्याचा मोह टाळावा. धुताना पाण्यात अॅसिटिक अॅसिडचा थेंब घालायचा, मग ग्लिसरीनमध्ये बघायचं. मधला दांडा आणि दोन बाजूंच्या पाकळ्या असे तीन भाग दिसतात. पाकळीचं टोक, तिथला हूक, दांड्याची लांबी हे पाहायचं. काम झालं की ग्लिसरीनच्या छोट्या नळीत घालून त्याच टाचणीवर लावायचं. वेगळ्या डबीत ठेवलेलं जननेंद्रिय वर्षभरात अनाथ होतं.

मादीत मिलनावेळी नराचे शुक्राणू ज्या पिशवीत येतात तिच्यातले काटे आणि पट्ट्या उपयोगी पडतात, पण ते अनेक जुन्या वर्णनांत नाहीत. त्यामुळे फक्त मादी मिळाली तर बहुतेकदा प्रजातीपर्यंत न जाणंच प्रामाणिक.

वर वर वेगळे दिसणारे किडे एकच निघतात ते बहुधा दोन कारणांनी. मादी सहसा रुंद, फुगीर आणि आखूड मिशांची असते, म्हणून जुन्या लोकांनी नर-मादीला दोन नावं दिली. आणि नुकताच कोषातून निघालेला किडा फिकट तपकिरी असतो, त्याचा रंग म्हणजे ‘वेगळा प्रकार’ वाटतो. रंगावर म्हणूनच भरवसा कमी. त्यापेक्षा छातीच्या ढालीची लांबी-रुंदी, तिच्या मागच्या कोपऱ्यांची धार, मिशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पेराची लांबी, कवचावरच्या बारीक खळ्यांची दाटी हे मोजावं, आणि एक नाही तर आठ-दहा नमुन्यांवर. एका नमुन्यात ढाल थोडी अरुंद निघाली तर त्यावरून काही ठरत नाही.

डीएनएने प्रश्न सुटतो असं समजू नका. सीओआय या जनुकाचा (पेशीच्या केंद्रकाबाहेर, मायटोकॉन्ड्रियात असतं) ६५८ अक्षरांचा तुकडा सगळे वापरतात, आणि उडणाऱ्या किड्यांत काही टक्के फरक पुष्कळदा वेगळ्या प्रजातीकडे बोट दाखवतो. पण न उडणाऱ्यांची प्रत्येक डोंगरावरची टोळी हजारो पिढ्या एकटी राहते. एकाच प्रजातीतही टोळीटोळीत मोठा फरक साचतो. शिवाय तो तुकडा फक्त आईकडून येतो. म्हणून केंद्रकातलं निदान एक जनुक, आणि जननेंद्रियाचा फरक, दोन्ही एका बाजूला बोलले तरच नवं नाव. दोन्ही भांडत असतील तर ‘टोळी’ म्हणून नोंद करून थांबावं. हे मत काहींना कंजूस वाटतं, पण मागाहून नाव मोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

नाव देताना प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली सोपी, पण निष्ठुर आहे. १९९९ नंतर छापलेल्या नव्या प्रजातीला नाव-धारक नमुना किंवा नमुने (ज्यांच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं) स्पष्ट नेमावे लागतात आणि ते कोणत्या संग्रहात आहेत, हे लिहावं लागतं. फक्त ऑनलाइन छापत असाल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणीही लागते. डिमा हे नाव स्त्रीलिंगी मानलं जातं, म्हणून त्यातल्या प्रजातीचं नाव ‘डाल्मॅटिना’, ‘डाल्मॅटिनस’ नव्हे. प्रजाती पुढे दुसऱ्या जीनसमध्ये हलवली की मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. कंस विसरला की वाचणारा समजतो, ती कधी हललीच नाही. भारतात गोळा केलेला किडा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीची खबर नेमलेल्या संस्थेला देऊन नमुना तिथे जमा करावा लागतो. कीटकांसाठी ती जागा म्हणजे प्रामुख्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण.

फोटो पाठवून ‘ही कोणती?’ विचारणाऱ्यांसाठी: वरून, खालून आणि बाजूने असे तीन फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी, आणि उंचीसह ठिकाण द्या. वरच्या फोटोत मिशा सरळ दिसू द्या. खालच्या फोटोत खुंटी आणि खाच स्पष्ट हवी. एवढ्याने जीनस कळेल. प्रजाती मात्र बहुतेकदा नमुना हातात आल्यावरच.