सेल संपला म्हणजे नेमके काय संपले?

सिद्धेश्वरांची यात्रा आटोपली की आमच्या इमारतीतील बहुतेक घरांत गड्ड्यातून, म्हणजे यात्रेतल्या जत्रेतून, आणलेले एखादे खेळणे असते आणि पंधरा दिवसांत त्याचे सेल संपतात. यंदा शेजारची दहा वर्षांची मुलगी बंद पडलेली मोटार घेऊन आली आणि म्हणाली, "काका, सेलमधली वीज संपली." काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात वाढलेल्या मुलांना सेल म्हणजे विजेची टाकी वाटावी, यात नवल नाही, परंतु सेलमध्ये वीज भरून ठेवलेली नसते.

रविवारी पाच-सहा मुले ओसरीत जमली. लिंबात एका बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि दुसऱ्या बाजूला वायर सोलून काढलेली तांब्याची तार खोचली, तेव्हा मीटरवर सुमारे ०.९ व्होल्ट दिसले. अशी तीन लिंबे एकामागून एक जोडताच लाल एलईडी मिणमिणू लागला आणि "लिंबात करंट आहे!" असा एकच गलका झाला. या वाक्यावर मी मुद्दाम बराच वेळ घालवला. लिंबाचा आंबट रस केवळ माध्यम असतो. झिजते ते खिळ्यावरचे जस्त. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तारेतून फिरून तांब्याकडे जातात आणि वाटेत एलईडी उजळतो. एका मुलाने एलईडीचे पाय उलटे जोडले, तेव्हा तो पेटला नाही. धन-ऋण टोकांचा धडा त्यानेच परस्पर दिला.

त्यानंतर टॉर्चचा जुना बल्ब जोडला. जोडण्याआधी मीटर अडीच व्होल्टच्या वर दाखवत होता, तरीही बल्ब लागला नाही. दाब (व्होल्टेज) पुरेसा दिसला तरी लिंबांतून जेमतेम मिलिअँपिअरच्या घरातला प्रवाह मिळतो आणि बल्बला त्याच्या कित्येक पट लागतो, हे मुलांना पटायला वेळ लागला.

इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली जस्त आणि तांबे यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून अशीच चळत रचली होती. आपल्या साध्या सेलचे डबडेही जस्ताचेच असते, मधोमध कार्बनची कांडी असते आणि जस्त झिजून भोक पडले की तो पाझरतो. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, खरे तर अनेक सेलच्या जोडणीला बॅटरी म्हणायला हवे.) सेल कापून पाहण्याचा हट्ट मात्र मी पुरवला नाही, आणि गोल चपटे सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत, असे प्रत्येकाला बजावले. ते गिळले गेल्यास अन्ननलिका भाजते.

शेवटी मोटारीतला 'संपलेला' सेल मी भिंतीवरच्या घड्याळात घातला आणि सेकंदकाटा टकटक करत चालू लागला. मुलांना मी फसवतो आहे असेच वाटले. सेल वापरला जातो तसा त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. मोटारीने भरपूर प्रवाह मागितला की दाब कोसळतो, घड्याळ मात्र दर सेकंदाला अगदी थोडाच प्रवाह मागते. आता ती मुलगी रोज संध्याकाळी येऊन घड्याळ चालू आहे का, हे पाहून जाते.